पाठीवरचे १६२५: मॉन्ट्रियलच्या एका नागड्या मोर्च्याचं प्रकरण

ज्या पाच जणांबद्दल इथे लिहिलंय, त्यांची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. नावं नाहीतच. गास्पेची (क्यूबेकच्या गास्पे भागातली), वकील, लांब्या आणि सांगलीकर असे चौघे, आणि पाचवा मी. माझ्याकडे कपड्यांच्या पिशव्या सांभाळायचं काम होतं, त्यामुळे मोर्चा मी बहुतेक मागूनच पाहिला. तारखा, कायदे आणि आकडे मात्र होते तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात मार्च २०११ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेमों बाशाँ यांनी फीवाढ जाहीर केली. २०१२ पासून विद्यापीठाची फी दरवर्षी ३२५ डॉलरने वाढणार, सलग पाच वर्षं. म्हणजे २,१६८ वरून ३,७९३. एकूण वाढ १,६२५ डॉलर, ७५ टक्के. बाकीच्या बहुतेक प्रांतांपेक्षा क्यूबेकमधलं शिक्षण वाढीनंतरही स्वस्तच राहिलं असतं, आणि पंतप्रधान (तिथे प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणतात) जाँ शारे यांच्या सरकारचा मुद्दा तोच होता: विद्यार्थ्यांनी आपला 'वाजवी वाटा' उचलावा.

नुसती फी वाढली असती तर एवढं पेटलं नसतं. याच सरकारने दर प्रौढ माणसामागे आरोग्य-वर्गणी लावली होती. ती पहिल्या वर्षी २५ डॉलर होती, २०१२ पर्यंत २०० झाली, आणि मध्यमवर्गीय असो की करोडपती, जवळजवळ सारखीच. विजेचे दर वाढायचे होते. सरकारी सेवा ज्याने वापरली त्यानेच तिचे पैसे भरावेत, असं एकंदर वळण होतं. फीवाढ ही त्या जिन्याची एक पायरी होती, आणि सगळ्यात तरुण माणसं नेमकी त्याच पायरीवर उभी होती.

१३ फेब्रुवारी २०१२ ला संप सुरू झाला. विद्यार्थी संघटना सभा घेत, हात वर करून मतदान होई आणि वर्ग बंद पडत. २२ मार्चला मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर दोनेक लाख माणसं उतरली, त्या सुमारास तीनेक लाख विद्यार्थी संपावर होते. सरकार मात्र 'संप' हा शब्दच वापरेना. 'बहिष्कार' म्हणायचं. संप म्हटला की वाटाघाटी आल्या. बहिष्कार म्हटलं की दुकानात न जाण्यासारखं, ज्याची त्याची मर्जी.

सगळ्यांच्या छातीवर सेफ्टी पिनेने टोचलेला फेल्टचा लाल चौकोन असे. फ्रेंचमध्ये चौकोनाला 'कारे', आणि 'कारेमाँ दाँ ल रूज' म्हणजे सरळसरळ लाल शाईत, कर्जात बुडालेलं. २००५ च्या संपापासून ही खूण चालत आलेली. त्या वेळी सरकारने शिष्यवृत्तीतले १० कोटी ३० लाख डॉलर कर्जाकडे वळवले होते.

अडचण

एप्रिलच्या शेवटापासून रोज रात्री मोर्चा निघू लागला. 'रोज रात्री मोर्चा, जिंकेपर्यंत' अशी घोषणा होती, फ्रेंचमध्ये ती यमकात बसते. सुटायची जागा ठरलेली: बेरी मेट्रोवरचं एमिली-गामलँ मैदान. सुरुवातीला जोर होता. पण आठवड्याभरात रोजच्या बातमीत दोनच फोटो येऊ लागले, फुटलेली काच आणि तोंड झाकलेला पोरगा. ७ मार्चला पोलिसांच्या कारवाईत एका विद्यार्थ्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती, ते लोक विसरले. काच लक्षात राहिली. २७ एप्रिलला शारेंनी वाढ पाचऐवजी सात वर्षांत पसरवायची तयारी दाखवली, त्यात एकूण वाढ उलट जास्तच होत होती. आणि बाहेरच्या माणसाला वाटायला लागलं, सरकार एक पाऊल मागे आलंय, ही पोरं अजून कशाला ओरडतायत?

अशात ३ मेची हाक आली: 'मान्यूफेस्तासियाँ'. मोर्च्याला फ्रेंचमध्ये मानिफेस्तासियाँ म्हणतात आणि 'न्यू' म्हणजे नागडा. शब्दाच्या पोटात शब्द. हाक कुणी दिली ते आमच्या पाच जणांत कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या वसंतात ते विचारायची पद्धतही नव्हती.

आमची अडचण साधी होती. जायचं का, आणि गेलो तर किती कपड्यांत?

समोर असलेले पर्याय

गास्पेचीच्या स्वयंपाकघरात दोन तास चर्चा झाली. तिचं म्हणणं, काढायचे तर सगळे काढायचे. "चड्डी ठेवली तर समुद्रकिनारा वाटतो." पोलिसांच्या ढालीपुढे उघडं अंग ठेवलं की दगड कुणाकडे आहे आणि काठी कुणाकडे, हे कुणालाही समजावं लागत नाही, नागड्या माणसाला खिसाच नसतो. इतकं नेमकं मी त्यानंतर कुणाकडून ऐकलं नाही.

वकील (दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता, पण आम्ही त्याला वकीलच म्हणायचो) फौजदारी कायद्याचं कलम १७४ घेऊन आला होता. सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय नग्न असणं हा गुन्हा आहे, सभ्यतेला बाध येईल इतके तोकडे कपडेही नग्नतेतच धरले जातात. पण त्याच कलमात एक गंमत आहे: खटला भरायला ॲटर्नी जनरलची संमती लागते. क्यूबेकमध्ये ॲटर्नी जनरल म्हणजे न्यायमंत्री. "ज्या सरकारविरुद्ध मोर्चा आहे, त्याच्याच मंत्र्याला शंभर पोरांच्या नागडेपणावर सही करावी लागेल. करणार नाहीत." हा मुद्दा त्याने इतक्या आनंदाने मांडला की लांब्याने त्याला थांबवून विचारलं, रस्ता अडवल्याबद्दल पकडलं तर? त्याला संमती लागत नव्हती. वकील गप्प झाला.

कॅनडात नागडे मोर्चे नवे नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियातून आलेल्या दुखोबोर पंथातला एक गट सरकारी सक्तीविरुद्ध नागडा चालत असे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला संसदेने त्यांच्यासाठी शिक्षा वाढवून तीन वर्षांपर्यंत नेली आणि शेकड्यांनी माणसं आत टाकली. आता विद्यार्थ्यांना तीच युक्ती खेळीमेळीची वाटत होती.

सांगलीकरचा प्रश्न वेगळा होता. ती विद्यार्थी व्हिसावर होती. परदेशी म्हणून तिची फी आधीच कितीतरी पट होती, या १,६२५ शी तिचा थेट संबंध नव्हता. तरी ती सगळ्या सभांना यायची. मी तिला मराठीत म्हटलं, "तू कशाला यात पडतेस?" ती म्हणाली, "दादा, सांगलीत कलेक्टर कचेरीसमोर अर्धनग्न मोर्चा निघाला की दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. तो उघडा माणूस शेतकरी आहे एवढं वाचणाऱ्याला कळतं. इथे काय कळतं ते मला बघायचंय."

बोलण्यात लांब्याने मणिपूरचं नाव काढलं. २००४ च्या जुलैमध्ये इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा बायका आसाम रायफल्सविरुद्ध नग्न उभ्या राहिल्या होत्या, ते त्याने कुठेतरी वाचलं होतं. सांगलीकरने त्याला तिथेच तोडलं. एका मुलीचं प्रेत सापडल्यावर त्या आया उतरल्या होत्या, फीसाठी त्यांचं नाव घ्यायचं नाही. हा मुद्दा पुन्हा निघाला नाही, आणि मला तो त्या संध्याकाळचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

तोडगा असा निघाला. सगळे चड्डी-बनियनच्या आसपास, ज्याला पुढे जायचं तो जाईल, कुणी कुणाला भरीला पाडायचं नाही. अठराच्या आतलं कुणी आमच्यासोबत नाही. क्यूबेकमध्ये सेजेपची (शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधल्या कॉलेजची) पोरंही संपावर होती आणि ती सतरा वर्षांची असू शकतात, त्यामुळे हे तोंडाने बोलून ठरवावं लागलं. आणि प्रत्येकाच्या अंगावर आकडा, नुसती त्वचा नाही. सांगलीकर जीन्स घालणार, पाठ उघडी ठेवणार, तोंडाला रुमाल बांधणार. त्या दिवशी मॉन्ट्रियलमध्ये मोर्च्यात तोंड झाकायला बंदी नव्हती.

काय केलं

रंग स्वस्तातला पोस्टर कलर होता. गास्पेचीने सांगलीकरच्या पाठीवर लाल चौकोन काढला आणि विचारलं, आत काय लिहू? सांगलीकरने वहीवर देवनागरीत लिहून दाखवलं: १६२५. गास्पेचीला ते चित्रासारखं वाटलं. '५' काढताना तिने दोनदा पुसलं. पोस्टर कलर अंगावर वाळला की तडकतो हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. मॉन्ट्रियलमध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी अंगावर काटा येतो, आणि काटा आलेल्या कातडीवरून तो रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला. बेरीला पोचेपर्यंत '५' चा शेपूट गळाला होता.

मैदानात शेकडो माणसं होती. पूर्ण नागडी थोडी, बाकी सगळी अंतर्वस्त्रांत. कुणी स्तनांवर लाल चिकटपट्टीचे चौकोन लावलेले, कुणी पायात फक्त बूट. बूट सगळ्यांनी ठेवले होते, कारण रस्त्यावर काचा असतात. पिशव्या घेऊन बाजूने चालणारे माझ्यासारखे बरेच होते. कपडे उतरवलेला माणूस चावी, मेट्रोचा पास, फोन, इन्हेलर यातलं काहीच स्वतःजवळ ठेवू शकत नाही. पोलिसांनी मध्येच गर्दी तोडली तर पिशवी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, ही भीती मला रात्रभर होती. गास्पेचीने निघताना आपल्या मांडीवर मार्करने माझा फोन नंबर लिहून घेतला, मग ओळखीपाळखीच्या चार जणांनी तेच केलं.

सेंट कॅथरीन रस्त्यावर दुकानांतून माणसं बाहेर आली. हसत होती. रोजच्या रात्री लोक काचेआडून बघायचे, त्या दिवशी दारात येऊन टाळ्या वाजवल्या. पोलिसांचेही चेहरे थोडे सैलावले होते. तेवढ्यापुरती गास्पेची बरोबर ठरली.

सांगलीकरला वाटेत तिघाचौघांनी थांबवून विचारलं, पाठीवर काय लिहिलंय? ती सांगायची, सोळाशे पंचवीस, फीवाढ. मग पुढचा प्रश्न: ही कुठली लिपी? आणि मग पाच मिनिटं बोलणं. 'नग्न विद्यार्थी' म्हणून फोटो काढणाऱ्यांपैकी कुणी दुसऱ्या कुणाला काही विचारलेलं मी पाहिलं नाही.

काय झालं

दुसऱ्या दिवशी, ४ मेला, व्हिक्टोरियाव्हिल गावात सत्ताधारी पक्षाच्या बैठकीबाहेर मोठी चकमक झाली आणि आणखी एका विद्यार्थ्याचा डोळा गेला. नागड्या मोर्च्याची बातमी एका दिवसात मागे पडली. ज्या फोटोंनी लोकांना हसवलं होतं ते इंटरनेटवर फिरत राहिले, फीचा आकडा मात्र त्यांच्यातून गळून गेला. गास्पेचीचा समोरून काढलेला एक फोटो तीन भाषांत फिरला. खालच्या शेरेबाजीत तिच्या अंगाबद्दल सगळं होतं, पोटावर इंग्रजीत लिहिलेल्या वाक्याबद्दल काही नाही. तिने तो फोटो स्वतःच्या फेसबुकवर लावला आणि वर लिहिलं, 'वाक्य वाचा.'

सांगलीकरचं वेगळंच झालं. चेहरा आम्ही नीट झाकला होता. पण अख्ख्या मॉन्ट्रियलमध्ये पाठीवर देवनागरी आकडे असलेली मुलगी एकच होती. कुणीतरी पाठमोरा फोटो टाकला, कॅनडातल्या एका मराठी बाईने तो 'हे कोण आपलं?' म्हणून पुढे पाठवला, आणि आठवड्याच्या आत तो पुण्याला तिच्या आत्याकडे पोचला. आत्याने ओळखलं ते मानेवरच्या भाजल्याच्या डागावरून. चेहऱ्याचा विचार आम्ही तासभर केला होता, लिपीचा एक मिनिटसुद्धा नाही.

आईचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. सांगलीकर अब्रू, संस्कार या सगळ्याची उत्तरं तयार करून बसली होती. आईने त्यातलं काही काढलं नाही. फोन स्पीकरवर होता.

"पाठ तुझीच ना?"

"हो."

"पकडलं असतं तर परत पाठवलं असतं का?"

"माहीत नाही, आई."

"बँकेचं कर्ज माझ्या सहीवर आहे. डिग्री झाली नाही तर ते मी फेडणार. ते तुझ्या त्या मैत्रिणींना सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात कर्जाविरुद्ध दोन तास बोलणं झालं आणि खोलीतल्या सगळ्यात मोठ्या कर्जाची कुणी चौकशी केली नाही.

मेच्या मध्यात घटना भराभर घडल्या. १४ मेला शिक्षणमंत्री लिन बोशाँ यांनी राजीनामा दिला. १८ मेला ७८ क्रमांकाचं विधेयक मंजूर झालं: पन्नास किंवा जास्त माणसं जमणार असतील तर आठ तास आधी पोलिसांना मार्ग कळवायचा, नाहीतर माणसाला १,००० ते ५,००० डॉलर आणि संघटनेला २५,००० पासून १,२५,००० पर्यंत दंड. त्याच दिवशी मॉन्ट्रियल महापालिकेने मोर्च्यात तोंड झाकायला बंदी घातली. २३ मेच्या एका रात्रीत शहरात पाचशेवर माणसं धरली गेली.

त्यावर लोकांनी काढलेला उपाय कपडे काढण्याचा नव्हता, स्वयंपाकघरातला होता. रात्री आठ वाजता माणसं गॅलरीत येऊन पातेली वाजवायची. आजोबा, पाळण्यातलं पोर, शिफ्टवरून आलेली नर्स. आपल्याकडे २०२० मध्ये थाळ्या वाजल्या त्या सरकारच्या सांगण्यावरून, तिथे वाजल्या त्या सरकारच्या नाकावर टिच्चून. माझं मत विचाराल तर सरकारला खरं जड गेलं ते हे. नागड्या मोर्च्यात उतरायला विशीतलं अंग आणि बेफिकीर घर लागतं, पातेलं प्रत्येकाकडे असतं.

७ जूनला ग्राँ प्री या मोटारींच्या शर्यतीचा आठवडा सुरू होताना पुन्हा उघड्या अंगाचा मोर्चा निघाला. या वेळी समोर होते शर्यतीसाठी आलेले पैसेवाले पाहुणे, आणि जाहिरातीत गाड्यांशेजारी उभ्या केलेल्या मुली. उघडं अंग विकायला चालतं आणि मोर्च्यात चालत नाही, हे वेगळं सांगावं लागलं नाही. माझ्या मते युक्ती दुसऱ्या खेपेला जास्त नेमकी बसली, कारण आता ती जागेला लागू होती. पण हवा बदलली होती, पोलीस सैलावलेले नव्हते. सांगलीकर त्या दिवशी पूर्ण कपड्यांत, माझ्या जोडीने पिशव्यांवर होती.

४ सप्टेंबरच्या निवडणुकीत शारे हरले, स्वतःच्या मतदारसंघातही. पोलीन मारवा यांच्या सरकारने त्याच महिन्यात फीवाढ रद्द केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये मात्र वर्षाला सुमारे ३ टक्के वाढ ठरली. काहींनी त्याला विजय म्हटलं. गास्पेचीने छातीवरचा चौकोन उतरवला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

कपडे किती काढायचे यावर आम्ही दोन तास घालवले. त्यातला एक तास कुणाला काय गमवावं लागेल यावर गेला असता तर बरं झालं असतं. वकिलाला पुढे सनद घ्यायची होती, सांगलीकरला व्हिसा होता, लांब्याला काहीच नव्हतं. पाच जणांची जोखीम पाच प्रकारची होती आणि आम्ही ती एकाच कलमात मोजली.

आकडा पोटावर लिहू नये. समोरून फोटो काढणाऱ्याचं लक्ष आकड्याकडे जात नाही. पाठीवर लिहिलेला आकडा वाचला जातो, कारण मागून चालणाऱ्याला बघायला तेवढंच असतं. पोस्टर कलर तर नकोच, नाटकवाले तोंडाला लावतात तो रंग घ्यावा, नाहीतर लिपस्टिक.

देवनागरीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. मला ती चूक वाटते. सांगलीकर म्हणते, लोकांनी थांबून तिलाच विचारलं ते त्या लिपीमुळे, आणि परत गेली तर ती तेच लिहील, फक्त आधी आईला सांगेल.

पिशव्यांचं मात्र जूनमध्ये आम्ही सुधारलं. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी, चिठ्ठीवरचा क्रमांक माणसाच्या मनगटावर, आणि मोर्चा फुटला तर बेरी मेट्रोच्या आत, गेटाशेजारी मध्यरात्रीपर्यंत थांबायचं. त्या रात्री साडेअकराला चौदा क्रमांकाची पिशवी उरली. आत एक स्वेटर, चावी आणि लाल चौकोन. बारा वाजायला पाच मिनिटं असताना एक मुलगा कुणाचातरी रेनकोट गुंडाळून धावत आला, मनगट पुढे केलं, आणि पहिल्यांदा स्वेटर नाही, चावी आहे का ते बघितलं.